२ स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर, लॉन का नाही लावलं

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. लॉन मागितलं तर नर्सरीवाल्याने शेंगदाणा लावून दिला, मे महिन्यात अर्ध्या आवारात नुसती लाल माती, घरासमोर रिकामी जागा आणि शेजाऱ्यांकडे मात्र तीन महिन्यांत हिरवंगार, असं तुम्ही लिहिलंय. फोटो पण बघितले. २ स्टार दिलेत, ठीक आहे, पण लॉनला नाही का म्हटलं ते परत सांगतो, तेव्हा तुम्हाला रात्रीची गाडी पकडायची होती म्हणून घाईत बोलणं झालं.

तुमचं आवार २ गुंठे. मेक्सिकन लॉन उन्हाळ्यात हिरवं ठेवायचं तर रोज चार-पाच मिलिमीटर पाणी, म्हणजे दिवसाला हजारेक लिटर, आणि तुमची विहीर एप्रिलातच तळ दाखवते हे तुमच्याच काकांनी सांगितलेलं. खाली सगळा जांभा दगड, पाणी ओतलं की झिरपून गेलं. पावसात उलटं, सारखं कापत बसा, आणि कापणार कोण, तुम्ही तर गणपती आणि मे सोडला तर मुंबईला. शिवाय निम्म्या आवारावर आंब्याच्या कलमांची सावली, तिथे लॉन विरळ होत जातं नि मग शेवाळ धरतं, हे मी स्वतःच्या दारात पैसे घालवून बघितलंय.

म्हणून कलमांखाली पिंटो शेंगदाणा (खायचा नाही हो, पिवळी फुलं येतात, सावलीत चालतो), तुळशीसमोर उन्हात हरळी आणि पुढे चिऱ्यांचं खळं, म्हणजे अंगण. त्या खळ्याला "रिकामी जागा" म्हटलंत ते मात्र लागलं. आपल्या कोकणात घरासमोर लॉन होतं कधी? चोपून शेणाने सारवलेलं खळंच असायचं. आणि हरळी म्हणजेच दुर्वा, गणपतीत शोधत फिरायला नको.

शेजाऱ्यांचं ते वेडेलिया. लावलं की पळतं, खरंय. पण कांडीकांडीला मुळं धरतं, गडगा (दगडी कुंपण) ओलांडून वहाळापर्यंत (ओढ्यापर्यंत) जातं आणि मग उपटून संपत नाही, जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत आहे ते. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, मी देत नाही.

आता माझी चूक. "पाणी लागत नाही" असं मी बोललो, ते पहिल्या वर्षाला लागू नाही, मुळं खोल जाईपर्यंत दोन-तीन दिवसांआड द्यावंच लागतं, हे सांगायचं राहिलं. आणि लागवड जूनला करायची ती दिवाळीनंतर केली, तुमचा गृहप्रवेश होता म्हणून मीही हो म्हटलं. तुम्ही मेलं म्हणताय त्यातलं बरंच पाऊस पडला की फुटेल. नाही फुटणार तिथे येऊन नवीन रोपं लावून देतो, पैसे नकोत.

तेवढं मागचं बेडं (फाटक) दुरुस्त करून घ्या. तिसऱ्या फोटोत शेण दिसतंय, म्हणजे गुरं आत येतायत, आणि हा शेंगदाणा त्यांना भलताच आवडतो.