कॉस्मिक किरण रात्री साडेबाराची वाट बघत नाहीत हो

सोसायटीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज: "आज रात्री 12:30 ते 3:30 कॉस्मिक किरण पृथ्वीजवळून जाणार, प्रचंड रेडिएशन आहे, मोबाईल बंद करून लांब ठेवा, सिंगापूर टीव्हीने सांगितलंय." खालच्या काकूंनी घरातले सगळे फोन बंद करून तांदळाच्या डब्यात कोंबले, मग अलार्म कुठून वाजणार, काकांची पंचवटी एक्सप्रेस हुकली ना राव.

पहिलं म्हणजे "आज रात्री". मेसेजमधे तारीखच नाहीये, म्हणून तो दरवर्षी चालतो. हे अवकाशातून येणारे कण चोवीस तास पडतायत, आत्ता तळहात पसरा, सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्हणा) आरपार जातोय. ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस 1912 मधे बलूनमधून वर जाऊन हे रेडिएशन मोजत होता, सूर्यग्रहणातपण उडाला, सूर्य झाकला तरी आकडा काही कमी होईना.

दुसरं, "किरण जवळून जाणार". नावच फसवं आहे, किरण नाहीत हे, कण आहेत. साधारण 90 टक्के प्रोटॉन, 9 टक्के हेलियमची केंद्रकं, उरलेल्यात लोखंडापर्यंतची जड मंडळी आणि थोडे इलेक्ट्रॉन. आणि जवळून कसले जातायत, वर हवेवर आपटून फुटतात, खाली येतो तो त्यांचा चुरा, वरचा म्यूऑन त्यातलाच.

"प्रचंड रेडिएशन" म्हणाल तर इथे खरी गंमत आहे. एनर्जी दहापट केली की त्याच्या वरचे कण साधारण पन्नासपट कमी होतात, 3 च्या पुढे 15 शून्यं एवढ्या इलेक्ट्रॉन व्होल्टला (हे कणांची एनर्जी मोजायचं एकक) कणांच्या संख्येचा ग्राफ अजून खाली वाकतो, त्याला चक्क गुडघा म्हणतात, आणि तिथले कण चौरस मीटरला वर्षाकाठी एखादाच. त्याच्याही खूप पुढचे तर चौरस किलोमीटरला शतकात एक. 1991 ला अमेरिकेत युटामधे असा एक सापडला, एकट्या कणात स्पिनरने टाकलेल्या बॉलएवढी एनर्जी! पण अशा दांडग्यांसाठी कोणी रात्री जागं राहत नाही, उटीला टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) ग्रेप्स-3 प्रयोग पण दिवसरात्र या कणांच्या मागे आहे, त्यांनी काय साडेबाराचा मुहूर्त ठेवलेला नाही.

मोबाईलचं तर सोडूनच द्या. फोनमधे रेडिओ लहरी, त्या या कणांना ओढत नाहीत, फोन चालू का बंद याचं म्यूऑनला सोयरसुतक नाही. रेडिएशनचा डोस खरंच जास्त मिळतो तो विमानात, कारण वर हवा विरळ, पण मेसेज पाठवणारे भाऊ नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीला बिनधास्त उडतात.

आणि काकू, तो म्यूऑन स्लॅब, डबा, तांदूळ सगळ्यातून जातो. फोन काढा बाहेर, उद्या परत पंचवटी आहे.