झोपेपुरता कॅनडा

कॅनडाचा कायम रहिवासी हा दर्जा टिकवायचा, तर पाच वर्षांत किमान ७३० दिवस त्या देशात काढावे लागतात. माझी नोकरी अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये असल्यामुळे मी नदीच्या ऐलतीरी, ऑन्टारियोतल्या विंडसरमध्ये, बिऱ्हाड थाटले आहे आणि रोज सकाळी परदेशी जाऊन संध्याकाळी स्वगृही परततो. दिवसाचा काही अंश जरी कॅनडात गेला, तरी तो पूर्ण दिवस म्हणून जमेस धरला जातो, ही या नियमातली सर्वांत उदार तरतूद होय. जागेपणी माझ्या हातून कॅनडाची फारशी सेवा घडत नाही. घोरण्यातली माझी निष्ठा मात्र कोणत्याही अधिकाऱ्याने तपासून पाहावी.

तपासायला ते असतातच. १९३० साली सुरू झालेल्या, नदीखालच्या बोगद्यातून जा किंवा त्याच्या आदल्या वर्षी खुल्या झालेल्या अ‍ॅम्बॅसडर पुलावरून जा, टोल भरून पलीकडे पोहोचले की खिडकी आणि खिडकीत एक निर्विकार चेहरा ठरलेला. सकाळचा अमेरिकी अधिकारी एच-१बीचे कागद चाळत विचारतो, “काम इथे, तर राहता तिकडे का?” संध्याकाळचा कॅनेडियन अधिकारी विचारतो, “राहता इथे, तर काम तिकडे का?” मुलगी पाहायला गेलो होतो, तेव्हा सासऱ्यांनीही मला असेच उलटसुलट तपासले होते, पण त्यांनी निदान पोहे तरी दिले होते.

त्यानंतरचा प्रश्न, “सोबत काय आणले आहे?” चोवीस तासही बाहेर न राहिलेल्या माणसाला खरेदीवर करमाफी नसते, त्यामुळे सवलतीत घेतलेल्या चपलांचीसुद्धा कबुली द्यावी लागते. (विंडसर डेट्रॉइटच्या दक्षिणेला असल्याने मला कॅनडातून अमेरिकेत जायला उत्तरेकडे निघावे लागते, हे तर मी नातेवाइकांना सांगणेच सोडून दिले आहे.)

कऱ्हाडच्या मावशीला मात्र एकदा फोनवर सारे सविस्तर समजावले. तिने मध्ये एकदाही न टोकता ऐकून घेतले आणि विचारले, “तू झोपतोस कॅनडात, ते कळलं. पगार कुठे झोपतो?”

पगाराला झोप कुठली? अमेरिका त्यातून आधी कर कापून घेते, मग कॅनडा जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब मागते, पलीकडे भरलेल्या कराची वजावट देते आणि उरलेली रक्कम हक्काने वसूल करते.

“म्हणजे दोन सासरं,” मावशी म्हणाली.