सहा दिवसांचे व्हिएतनाम

आमच्या सोसायटीतले लोक पूर्वी सिंगापूरला जात, मग काही वर्षे दुबईला जाऊ लागले, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत परिस्थिती अशी झाली आहे की लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस एक तर व्हिएतनामहून आलेला असतो, नाही तर पुढच्या आठवड्यात तिकडे निघालेला असतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तिथून आणलेली शंकूच्या आकाराची पानांची टोपी दिवाणखान्यात अशा मोक्याच्या जागी टांगली आहे की, तिच्याविषयी विचारल्यावाचून पाहुण्याला त्या घरात बसताच येत नाही. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत आपणही सहा दिवस जाऊन यावे, असा ठराव आमच्या घरी जून महिन्यात एकमताने संमत झाला. त्या सहलीसंबंधीचे ते शेवटचे एकमत होते.

पहिली चूक माझीच झाली. व्हिएतनाम हा एवढासा देश असून सहा दिवसांत तो हातावेगळा होईल, अशी माझी समजूत होती. नकाशा उघडल्यावर लक्षात आले की हा देश रुंदीला बेताचा असला तरी लांबीला आवरत नाही. टोकाला दगड न बांधता वाढू दिलेल्या पडवळासारखा तो वळणे घेत उत्तरेकडून दक्षिणेकडे लोंबत गेला आहे. हनोईपासून हो ची मिन्ह शहरापर्यंतचा रेल्वेमार्ग 1,726 किलोमीटरचा असून गाडीला तीस तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन वर पुन्हा शिल्लक उरावे, एवढे ते अंतर आहे. आणि आमच्या घरातल्या चौघांनी आपापली आवडती ठिकाणे या पडवळावर जितकी दूर दूर निवडता येतील तितकी दूर निवडली होती.

मुलीला दा नांगजवळच्या डोंगरावरचा तो सोनेरी पूल पाहायचा होता, जो दोन राक्षसी हातांनी तोलून धरला आहे. ते हात दगडाचे आणि पुरातन दिसत असले तरी प्रत्यक्षात तारेच्या जाळीवर फायबरग्लास चढवून केलेले आहेत आणि पूल 2018 साली खुला झाला आहे, ही माहिती मी तिला दिली. त्यावर तिने, “बाबा, फोटोत ते कळत नाही,” असे उत्तर देऊन वाद मिटवला. बायकोला हनोईत बसून अंड्याचा बलक फेटून घातलेली कॉफी प्यायची होती. मला दक्षिणेतली कू ची येथील, अमेरिकेविरुद्धच्या युद्धात वापरलेली भुयारे पाहायची होती. त्यामागे माझ्या मेहुण्याचा हात होता, कारण अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामी नेत्याने आपण शिवाजी महाराजांपासून स्फूर्ती घेतल्याचे सांगितले होते, हा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर तो मला वर्षातून किमान तीनदा पाठवतो. याचा लेखी पुरावा मला आजवर कोणी दाखवलेला नाही. परंतु भुयारे पाहून आल्याशिवाय मेहुण्याशी या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होणार नाही, असे मला वाटत होते.

आईची मागणी मात्र कोणाच्याच ध्यानीमनी नव्हती. आई तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली आहे आणि परदेशप्रवास हा तिच्या दृष्टीने पैसे देऊन विकत घेतलेला अपचनाचा प्रकार आहे. परंतु दा नांगपासून जवळच ‘मी सोन’ नावाच्या ठिकाणी चंपा या प्राचीन राज्याच्या राजांनी बांधलेली शिवमंदिरे आहेत, चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मा राजाने तिथे भद्रेश्वराची स्थापना केली, तिथे संस्कृत शिलालेख आहेत, आणि 2020 साली भारतीय पुरातत्त्व खात्याला तिथेच नवव्या शतकातले अखंड शिवलिंग सापडले, एवढे तिला कळल्यावर तिने चष्मा पुसला आणि प्रवासाची सूत्रे हाती घेतली.

सूत्रे हाती घेणे याचा आमच्या घरातला अर्थ भिंतीवरचे कालनिर्णय खाली उतरवणे असा आहे. होई आन या जुन्या गावात दर चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून कंदील लावतात आणि लोक नदीत दिवे सोडतात, असे मुलीने वाचून दाखवताच आईने कार्तिकाचे पान उघडून, “म्हणजे वैकुंठ चतुर्दशीच की,” असा निर्वाळा दिला. शिवाय तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार वर्ज्य करतात, तेव्हा शाकाहारी जेवण सहज मिळते. आता हे दिवस आपल्याकडच्या अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागेच येतात. त्यामुळे ज्या दिवशी परदेशात आपल्या पोटाची सोय उत्तम होणार, नेमक्या त्याच सुमारास घराबाहेर पाऊल टाकायचे नाही, असा पेच निर्माण झाला. त्यात मुलीची शाळा वैकुंठ चतुर्दशीची वाट पाहायला तयार नव्हती, लक्ष्मीपूजन घरीच करायचे होते आणि भाऊबीजेला मेहुणा येणार होता. अखेर भाऊबीज आणि तुळशीचे लग्न यांच्यामध्ये जी फट उरते, तीत व्हिएतनाम बसवायचे ठरले. कंदिलांची रात्रही गेली आणि शाकाहाराचे दिवसही गेले.

राहिला पाऊस. एखाद्या देशाला एक पावसाळा असावा, अशी आपली साधी अपेक्षा असते. या पडवळाच्या प्रत्येक भागाचा पावसाळा वेगळा आहे: दक्षिणेत साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस असतो, उत्तरेत नोव्हेंबरात हवा छान कोरडी होते, आणि पूल, मंदिरे व कंदील ज्या मधल्या भागात आहेत तिथे नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरातच पाऊस कोसळतो. त्या दिवसांत थू बोन नदी होई आनच्या गल्ल्यांत शिरते आणि तिथले लोक सामान वरच्या मजल्यावर नेऊन होडीने ये-जा करतात. मी हे सर्व एका कागदावर तीन रंगांत मांडून, केवळ उत्तरेकडेच जाणे शहाणपणाचे कसे ठरेल, यावर रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास विवेचन केले. आईने ते शांतपणे ऐकले आणि, “वारीला माणसं पावसातच जातात,” एवढे बोलून कागद घडी घालून ठेवला. पहिले तीन दिवस हनोई आणि ‘हा लाँग’ नावाचा उपसागर, नंतरचे तीन दिवस छत्र्यांसह दा नांग, असे ठरले. कू चीची भुयारे वगळण्यात आली. मेहुण्याला हे मी अजून सांगितलेले नाही.

व्हिसाचा अर्ज भरणे हे त्या मानाने सोपे काम असेल, असे मी समजत होतो. 15 ऑगस्ट 2023 पासून हा देश नव्वद दिवसांचा ई-व्हिसा देतो. आम्हांला सहा दिवसांची सवड काढताना नाकी नऊ आले होते आणि ते उदार मनाने तीन महिने राहा म्हणत होते. छायाचित्र चष्म्याविना हवे होते. चष्मा काढल्यावर मला मोबाइलच दिसत नसल्यामुळे मी सलग चार वेळा पडद्याकडे पाहून अतिशय गंभीर चेहरा केला. आईच्या पारपत्रावर तिच्या नावाला जोडून माझ्या वडिलांचे नाव आहे. ते इंग्रजीत टंकताना माझ्याकडून एक अक्षर गळले, आणि ते ध्यानात येईपर्यंत परत न मिळणारे पंचवीस डॉलर भरून झाले होते. दुसऱ्यांदा भरलेले पंचवीस डॉलर रुपयांत किती होतात, हे आई अजूनही अधूनमधून विचारते, आणि मी ते डाँग या तिथल्या चलनात सांगतो.

डाँगमध्ये सांगितल्याने तिचे समाधान होते असे नाही, परंतु विषय बदलतो. एका रुपयाला सुमारे तीनशे डाँग मिळतात, त्यामुळे पस्तीस हजार रुपये नेणारा कारकूनही तिथे कोट्यधीश म्हणून उतरतो. वीस हजारांची नोट निळी असते आणि पाच लाखांचीही निळसरच असते. एकीची किंमत साठ-सत्तर रुपये, तर दुसरीची सोळाशेच्या पुढे. काकूंनी टोपी नक्की कोणती नोट देऊन घेतली, याविषयी आमच्या घरात आता दबक्या आवाजात चर्चा चालते.

तिकिटे काढून झाली आहेत, मेतकूट आणि दशम्यांची यादी झाली आहे, आणि जेवणाच्या प्रश्नावर मुलीने तोडगा शोधून काढला आहे. “मी शाकाहारी आहे” याला तिकडे “तोय अन् चाय” असे काहीसे म्हणतात. आईने ते दोनदा म्हणून पाहिले आणि तिचा चेहरा वर्गात हुशार विद्यार्थी सापडावा तसा उजळला. “तोय म्हणजे पाणी. पाणी आणि चहा,” ती म्हणाली. “यात पाठ काय करायचंय?”

तेव्हापासून ती रोज पहाटे गॅलरीत उभी राहून खणखणीत आवाजात सराव करते, आणि बायको अर्धवट झोपेत मला ढोसून म्हणते, “अहो, उठा, आई चहा मागताहेत.”