रात्री गायन, सकाळी अर्ज

आमच्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रावर वर्षभरात किती उपदेश होतात याची मोजदाद नाही. सोसा, उलट बोलू नका, ख्रिस्तानेही सोसलं. धुळ्याला जा, नंदुरबारला जा, सातपुड्यातल्या पाड्यावरच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात जा, हेच ऐकू येतं. उपदेश चुकीचा नाही, पण अर्धा आहे. आणि तो अर्धाच ऐकत आल्यामुळे आपल्याला जी एक विचित्र सवय लागली आहे, तिच्याबद्दल आज लिहायचं आहे. लांब होईल. घाई असेल त्यांनी पुढे सरकावं, राग नाही.

मी तहसील कचेरीसमोर अर्ज टाइप करायला बसतो. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर आणि प्रिंटर. मूळचा धुळ्याकडचा, अहिराणी बोलणारा. संसार मात्र नवापूरला. (हो, तेच नवापूर, ज्याचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फोटो पाहून झाले असतील तर पुढे वाचा.) माझ्या टेबलाशी माणूस येतो तो काहीतरी बिघडल्यावरच. सातबाऱ्यावर नाव लागत नाही, वनहक्काचा दावा पडून आहे, रेशनकार्डातून सुनेचं नाव उडालं. ख्रिस्ती माणसंही येतात. पण ती येतात तेव्हा त्यांचा कागद बहुतेक वेळा दुसऱ्या ख्रिस्ती माणसाविरुद्धच असतो. विश्वस्त खरे कोणते, मिशनच्या जुन्या जागेचा ताबा कुणाकडे, खजिनदाराने हिशोब का दिला नाही. धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद), त्यावर हरकत, हरकतीवर म्हणणं. या कागदांना पैसे कमी पडत नाहीत आणि धीरही कमी पडत नाही.

त्याच मंडळीतल्या एखाद्या घरी प्रार्थनासभा चालू असताना पोरं घुसली, शिवीगाळ केली, मोबाइलवर व्हिडिओ काढला, पुस्तकं बाहेर फेकली, तर त्याचा कागद करायला कुणी फिरकत नाही. मी विचारलं की उत्तर ठरलेलं: "जाऊ द्या भाऊ, देव देखी ऱ्हायना (बघतोय). आपण विश्वासणारे, आपण कोर्टकचेरी करायची नसते."

शास्त्रात नेमकं याच्या उलटं लिहिलं आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडा. प्रेषित पौल तिथे रागावतो तो भाऊ भावाविरुद्ध कोर्टात जातो म्हणून. तोच पौल स्वतःवर खोटे आरोप झाले तेव्हा रोमी सुभेदार फेस्तासमोर उभा राहून म्हणतो, मी कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंचविसावा. म्हणजे जिथे जाऊ नका म्हटलं तिथे आपण वकील लावून जातो, आणि जिथे तो स्वतः गेला तिथे आपल्याला एकदम नम्रता आठवते.

फिलिप्पै गावची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पौल आणि त्याचा सोबती सीला तुरुंगात, पाय खोड्यात, मध्यरात्री गायन, भूकंप, दारं उघडी, तुरुंगाचा अधिकारी जीव द्यायला निघतो आणि पौल ओरडतो, थांब, आम्ही सगळे इथेच आहोत. पहाटेपर्यंत त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा. संडेस्कूलची मुलंसुद्धा इथपर्यंत सांगतात. आणि उपदेशही इथेच संपतो.

पण सकाळ झाल्यावर काय झालं? आधी ते पकडले का गेले ते बघा. एका दासीच्या अंगातल्या भूताच्या जोरावर तिचे धनी पैसा कमावत होते. ती मोकळी झाली आणि धंदा बुडाला. पण अधिकाऱ्यांपुढे त्यांनी धंद्याचं नाव काढलं नाही. तक्रार काय केली? ही माणसं यहूदी आहेत, गावात गोंधळ घालतात, आपल्याला न शोभणाऱ्या चालीरीती शिकवतात. मी इतके तक्रारअर्ज वाचले आहेत की हा मसुदा मला फार ओळखीचा वाटतो. दुखणं खिशाचं किंवा बांधाचं असतं, आणि कागदावर धर्म येतो. मग चौकशी नाही, सुनावणी नाही, भर चौकात छड्या.

सकाळी अधिकाऱ्यांनी शिपाई पाठवले: सोडून द्या त्यांना. आपण असतो तर हालेलुया म्हणून मागच्या दाराने निघालो असतो. पौल म्हणतो, असं नाही चालणार. आम्ही रोमी नागरिक, आम्हाला चौकशीशिवाय चारचौघांत मारलं, आणि आता गुपचूप काढून देता? त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले, विनवण्या केल्या. पौलाने नुकसानभरपाई मागितली नाही, कुणाला शिक्षा मागितली नाही. झालं ते चुकीचं झालं, एवढं त्यांच्याकडून उघडपणे मान्य करून घेतलं. मला वाटतं, ते स्वतःसाठी नव्हतं. तो तर गाव सोडून चालला होता. मागे त्याच गावात विश्वासात आलेली लुदिया राहणार होती, तो तुरुंगाधिकारी राहणार होता, कालपरवाचे विश्वासणारे राहणार होते. गुन्हेगारांच्या पंथातले म्हणून त्यांनी तिथे राहायचं, की मान वर करून?

प्रभू येशूचंही तेच. मुख्य याजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली. दुसरा गाल पुढे करायला शिकवणारे तेच, पण त्या क्षणी त्यांनी विचारलं, मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? हात उचलला नाही, शिवी दिली नाही. प्रश्न मात्र विचारला. योहानाचा अठरावा अध्याय.

आता पेत्र. दुसऱ्या अध्यायात, अन्यायाने मार खातानाही सोसा, असं तो कुणाला सांगतो? घरच्या दासांना. ज्यांना कोर्ट नाही, नागरिकत्व नाही, धन्याविरुद्ध तोंड उघडायची सोय नाही, त्यांना. त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, मार खाऊनही मन नासू न देणं, आणि पेत्र त्यांना म्हणतो की देव ते बघतो. डोळ्यांत पाणी आणणारी ओळ आहे ती. पण २६ जानेवारी १९५० पासून या देशात तुम्ही-मी त्या दासांच्या जागी नाही, आपण पौलाच्या जागी आहोत. घटनेचं धर्मस्वातंत्र्याचं पंचविसावं कलम आपल्या नावाने लिहिलेलं आहे. कायदेशीरपणे जमून भक्ती करणाऱ्यांच्या सभेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेत कलम ३०० खाली गुन्हा आहे. जुन्या दंडविधानात तो २९६ होता. ते कलम मंदिरातल्या भजनालाही लागू, मशिदीतल्या नमाजालाही, आणि तुमच्या ओट्यावरच्या प्रार्थनेलाही.

रेल्वेलाइनीकडच्या एका पाड्यावरची बाई माझ्याकडे आली होती. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. विधवा, मजुरीला जाणारी. तिच्या घरी बायका जमायच्या, गाणी म्हणायच्या, आजारी माणसांसाठी प्रार्थना करायच्या. एका संध्याकाळी पोरं आली. नंतर गावातल्या काही मोठ्या माणसांनी तिच्याकडून कागदावर अंगठा घेतला की यापुढे घरी सभा भरवणार नाही. बरोबर तिचा भाचा होता, कॉलेजला जाणारा, तापलेला. तो मला सांगायला लागला: लिहा काका, पंचवीस-तीस गुंड हत्यारं घेऊन आले. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, अर्जात असं चालतंच. पाच माणसं आली की कागदावर पंचवीस होतात, काठीची तलवार होते.

बाईने त्याला थांबवलं. "सात होते. हत्यार नव्हतं. गुंड लिहू नका, आमच्याच फळीतली (वस्तीतली) पोरं आहेत. चपला घालून आत आले, पुस्तक फेकलं, माझ्या सुनेला घाण बोलले. झालं तेवढं लिहा." मग म्हणाली, "पोरांना आत टाका असं नको. त्या कागदावरचा माझा अंगठा मला परत पाहिजे."

तिला अक्षरओळख नाही. फिलिप्पैचा तो शेवटचा भाग तिने कधी ऐकला असेल असं वाटत नाही, कारण तिच्या पाळकाने तो सांगितलाच नसणार. पण मागणी तीच होती. अर्जाची पोच मिळाली, पोरांना बोलावून समज दिली गेली, जबाब झाले. पुढे कागद कुठे आहे, देव जाणे. भाचा नाराज आहे. सभा पुन्हा भरते. चमत्कार वगैरे झाला नाही, त्या पोरांपैकी कुणी येऊन पाया पडलं नाही. साक्षीच्या पुस्तिकांमध्ये छापतात तसला शेवट या गोष्टीला नाही.

आता आपल्यांना न आवडणारं. त्याच पेत्राने चौथ्या अध्यायात लिहून ठेवलंय की तुमच्यापैकी कुणी खुनी म्हणून, चोर म्हणून, किंवा दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा म्हणून दुःख भोगू नये. एका ठिकाणी रात्री दहानंतर प्रार्थनाघराचा भोंगा चालू होता. शेजाऱ्याने तक्रार केली, नोटीस आली, आणि रविवारी उपदेशाचा विषय काय, तर छळ! अहो, दहा ते सहा भोंगा बंद हा नियम सवलतीचे मोजके दिवस सोडले तर गणपतीलाही आहे, लग्नाच्या डीजेलाही आहे. याला छळ म्हणायला लागलो तर त्या बाईच्या वाट्याला आलेल्या गोष्टीला काय म्हणायचं?

आणि गावदेवाची वर्गणी. आदिवासी पाड्यावर एखादं घर प्रार्थनेत गेलं की ते वर्गणी देत नाही, पूजेला येत नाही, लग्नात मोहाची पीत नाही. गावाला ते लागतं. लागणारच, कारण तिथे पूजा, पाऊस, पेरणी आणि पंचांचा शब्द हे सगळं एकात एक आहे. पेत्रही म्हणतो की पूर्वीचे सोबती तुम्ही त्यांच्यात येत नाही म्हणून नवल करतात आणि निंदा करतात. वर्गणी न देण्याचा हक्क माणसाला आहे, तो सोडू नका. पण आदिवासींच्या कुलदेवीला, देवमोगरा मातेला, सैतान म्हणायचा हक्क कुणी दिला? आपल्यातले काही नवे प्रचारक बोलून मोटारसायकलवर निघून जातात, आणि मार पाड्यावरचा माणूस खातो. आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्या पण सौम्यपणे द्या, हेही पेत्रानेच सांगितलंय, तिसऱ्या अध्यायात. तांदळाचं पोतं दाखवून माणसं जमवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. असे एक-दोन असतात आणि त्यांचं बिल सगळ्यांच्या नावावर फाटतं.

चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल १९४२ पासून उभं आहे. या भागातली कितीतरी घरं तिथे बाळंतपणाला गेली, सर्पदंशाला गेली. त्यात सगळ्या देवांची माणसं होती. आमच्या तालुक्याला लागून डांग आहे. १९९८ च्या नाताळात तिथे प्रार्थनाघरं जाळली गेली, तेव्हा आमच्याकडची भीती मला आठवते. पुढच्याच महिन्यात ओडिशात मनोहरपूरला कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना माफ केलं, हे आपण प्रत्येक कन्व्हेन्शनमध्ये सांगतो. सांगायलाच हवं. पण खटलाही चालला, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुख्य आरोपी दारासिंगची जन्मठेप कायम केली, हे कुणी सांगत नाही. माफी त्या बाईंच्या मनातली होती, खटला सरकारचा होता. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही. आणि ग्लॅडिसबाई त्या हत्येनंतरही काही वर्षं बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांमध्ये काम करत राहिल्या.

दाद मागितली की मिळतेच असं नाही. बस्तरमधल्या एका मुलाला आपल्या पाळक वडिलांना स्वतःच्या गावात पुरायचं होतं. प्रेत ७ जानेवारी २०२५ पासून शवागारात पडून होतं. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, आणि २७ तारखेला शेवटी वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायचा आदेश झाला. गावची माती मिळाली नाही. पण गाव काय म्हणालं, सरकार काय म्हणालं, कोणते न्यायमूर्ती काय म्हणाले, हे सगळं आज कागदावर आहे. "जाऊ द्या" म्हटलं असतं तर ती नुसती कुजबुज राहिली असती.

आमच्या पाळकसाहेबांशी हे सगळं बोललो. ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही टेबलाशी बसता. अर्ज गेला की दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्या बाईला जावं लागतं." या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी कुणाला चल म्हणत नाही. ज्याला तिथे राहायचं आहे त्यानेच ठरवावं, आणि मंडळीने त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत जावं, एवढं तरी. विश्वस्तांच्या तारखेला दोन गाड्या भरून जातात, इथे दोन माणसं पुरतात.

ज्यांचं ठरलं असेल त्यांच्यासाठी: अर्जाच्या दोन प्रती, एकीवर तारीख-शिक्क्यासह पोच. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं ते जसंच्या तसं. विशेषणं नकोत. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. ठाण्यात फिर्यादच घेतली नाही तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येतो, कायद्यातच तशी सोय आहे. असे अर्ज मी करून देतो, तुम्ही कोणत्याही देवाचे असा. आठवडे बाजाराच्या दिवशी गर्दी असते, तो दिवस टाळा. आणि विश्वस्तांच्या भांडणाचे कागद यापुढे दुसऱ्या टेबलावर न्या.