जुनं घड्याळ घेताय? मग झाकण उघडायला सांगू नका

जुनं घड्याळ कुणा खासगी माणसाकडून घ्यायचं ठरलंय ना? छान. मग आधी घड्याळाकडे बघणं बंद करा. घड्याळ बघून घेणारे लोक संशयी असतात, कोत्या मनाचे असतात. आपण गोष्ट ऐकायची. गोष्ट जितकी लांब, तितकं घड्याळ अस्सल. गोष्टीत आजोबा हवेतच, पण नसले तर फौजीही चालतो. 'महूला पोस्टिंग आहे, परवा बदली, सामान काढून टाकतोय.' हा फौजी भेटत नाही, व्हिडिओ कॉल घेत नाही, फक्त वर्दीतला फोटो आणि क्यूआर कोड पाठवतो. सीमेवर जाणाऱ्या माणसाला टोकनचे दोन हजार द्यायला तुमचा हात अडखळतो?

पाठवून टाका. 'अजून तिघं मागे लागलेत' म्हणतोय म्हणजे लागले असणारच. पुढे सौदा फिसकटला आणि त्याने 'पैसे परत हवेत तर हा कोड स्कॅन करून पिन टाका' असं सांगितलं, तर तेही करा. खात्यात पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, हे बँकवाले उगाच घोकत असतात. १९३० हा सायबर तक्रारीचा नंबरही पाठ करू नका. नको तिथे डोकं का शिणवायचं?

फोटो मागू नका. मागितलाच, तर आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी घड्याळ ठेवून काढलेला तर मुळीच नको. त्यासाठी बिचाऱ्याला आधी घड्याळ मिळवावं लागेल.

चावीच्या घड्याळात 'कालच नवा सेल टाकलाय' असं म्हणाला, तर सेलचे पैसे वेगळे द्या.

सीको फाइव्ह हे जपानी घड्याळ घेत असाल तर मागच्या झाकणावरचे आकडे वाचू नका. त्यातले पहिले चार आतल्या मशीनच्या मॉडेलचे असतात, आणि डायलवर अगदी खाली, सहाच्या पायाशी, मुंगीच्या अक्षरात तेच चार छापलेले असतात. झाकण म्हणतंय ७००९ आणि डायल म्हणतंय ६३०९, असं दिसलं तर खूश व्हा, एका किमतीत दोन घड्याळं मिळाली. सिरियल नंबरचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. हे मी सांगितलं असं कुणाला सांगू नका, विकणाऱ्यांची मनं दुखावतात.

डायल मात्र चकचकीतच निवडा. चाळीस वर्षं मनगटावर घाम पिऊनही पोपटी, केशरी, जांभळं राहिलेलं. केस, म्हणजे बाहेरची धातूची चौकट, एकाची, काटे दुसऱ्याचे, डायल परवा रंगवलेलं, अशा घड्याळांना परदेशातले शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईचं नाव जगभर झालं. आमचं इंदूर मागे राहिलं अशी कुणाला काळजी असेल, तर ती मिटवते.

भावाच्या साठीला द्यायला मला एचएमटीचं 'जनता' हवं होतं. साधं, चावीचं, डायलवर देवनागरीत 'जनता' लिहिलेलं. २०१६ साली सरकारने एचएमटीची घड्याळं बंद करायचं ठरवल्यापासून प्रत्येक 'जनता' दुर्मीळ आहे, आणि या दुर्मीळ मालाचा पुरवठा दरवर्षी वाढतोच आहे. ओळखीतून ओळख निघाली. घर मराठी, इथल्याच रामबागेतलं, बोलणं तुपासारखं. गेल्या गेल्या पोहे-जिलबी समोर. मग मखमली डबी उघडली. 'ताई, आमच्या आजोबांना होळकर दरबारातून मिळालेलं. विकवत नाही हो, पण आपल्या माणसाकडे जातंय म्हणून.' किंमत नऊ हजार. आपल्या माणसासाठी.

होळकरांचं राज्य १९४८ साली मध्य भारतात विलीन झालं. एचएमटीने बंगळुरात, जपानच्या सिटिझनच्या मदतीने, घड्याळं काढली ती १९६१ साली. म्हणजे दरबार उठल्यावर तेरा वर्षांनी कुणीतरी रिकाम्या राजवाड्यात आजोबांना घड्याळ बहाल केलं, आणि तेही 'जनता'! मी हे बोलले नाही. तोंडात जिलबी होती. मी भिंग काढलं. चावीच्या भोवती गंज, काचेच्या कडेला गंज, आणि डायल मात्र काल धुतल्यासारखं पांढरं. मिनिटांच्या रेघा एकीकडे, काटा दुसरीकडे. 'जनता'मधल्या 'त'ची शाई पसरलेली. म्हटलं, झाकण उघडून मशीन दाखवता का? नाहीतर राजवाड्याजवळच्या घडीसाजाकडे जाऊ, पाच मिनिटांचं काम आहे.

खोलीत कुणी वारल्यासारखी शांतता.

'ताई, आपण मराठी माणसं. आपल्यात असं?'

आपल्यात कसं? आपल्यात काय करतात? गंजलेली केस बघून डोळे मिटतात? पोहे खाल्ले म्हणून नऊ हजार देतात? मी घड्याळ ठेवलं आणि उठले. संध्याकाळपर्यंत तीन नातेवाइकांचे फोन. 'अगं, त्यांना किती लागलं! एवढं ताणायचं कशाला? चांगली माणसं आहेत.' नकली डायलबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळ्यांना काळजी माझ्या वागण्याची.

आता सरळच बोलते. रंगवलेलं डायल विकणं हा काही गुन्हा नाही. 'रंगवलंय, काटे बदललेत, मशीन बरं चालतं, दीड हजार द्या' असं म्हणाला असतात, तर मी तिथेच पैसे मोजले असते आणि वर पोह्यांचं कौतुक केलं असतं. पण तुम्हाला दीड हजार नको होते. तुम्ही मेलेले आजोबा विकायला काढलेत, होळकर विकायला काढलेत, आणि गिऱ्हाइकाने प्रश्न विचारू नये म्हणून मराठीपण मध्ये घातलंत. लाज वाटायला हवी. अनोळखी भामटा निदान 'ताई' म्हणून ताटात जिलबी वाढत नाही.

आणि मला फोन करणाऱ्यांनो, तुमच्यामुळेच हे चालतं. इकडे कुणी झाकण उघडायला सांगितलं की तुम्ही त्याचंच तोंड बंद करायला धावता. एवढी चांगली माणसं आहेत ना? मग तुम्ही घ्या. नऊ हजार रोख, घड्याळ अजून त्याच डबीत आहे, पत्ता तुम्हाला माहीत आहेच.