"पैशासाठी पिल्लं काढता" या कमेंटला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमची कमेंट नीट वाचली. बाकीच्यांनी वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते: तुमचं म्हणणं आहे की मुंबईसारख्या दमट गावात घरी ससे ठेवून पिल्लं काढणं हीच क्रूरता आहे, ससा दर महिन्याला विऊ शकतो म्हणून मी माद्यांना पैशासाठी राबवते, आई दिवसभर पिल्लांजवळ जात नाही हे मी स्वतःच मागच्या लेखात लिहिलंय म्हणजे त्या माद्या नक्कीच त्रासात आहेत, आणि इकडे तुमच्या कांदिवलीच्या सोसायटीच्या गार्डनमध्ये कोणीतरी दोन ससे सोडून गेलं ते सध्या तुमच्या बाथरूममध्ये आहेत. शेवटचं वाचून मलाही खूप वाईट वाटलं आणि राग पण आला, तुमचा नाही, सोडून जाणाऱ्याचा. त्यावर शेवटी येतेच.

आधी आईचं बोलू, कारण तो गैरसमज खूप जणांचा आहे आणि त्यापायी पिल्लं मरतात. सशाची मादी चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा पिल्लांकडे जाते, ते पण तीन-चार मिनिटं. तिचं दूध तेवढं सकस असतं. जंगलात ती सारखी बिळाशी घुटमळली तर तिच्या वासाने कोल्हा तिथे पोचेल, म्हणून लांब राहणं हीच तिची काळजी आहे. लोक काय करतात, आई जवळ जात नाही म्हणून घाबरून पिल्लं उचलतात आणि ड्रॉपरने गाईचं दूध पाजतात, मग दूध फुफ्फुसात जातं नाहीतर जुलाब लागतात आणि पिल्लू जातं. मी सकाळी फक्त पेटीत हात घालून बघते. व्यायच्या आधी मादी तोंडात गवताच्या काड्या धरून पेटीत नेते, मग छातीपोटाचे केस स्वतःच उपटून त्यावर अंथरते, तो थर हाताला गरम लागतो आणि खाली पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली असतात, अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले. पोट भरलेलं असेल तर टम्म दिसतं आणि पातळ कातडीतून आतलं दूध पांढरं दिसतं. पोटाला सुरकुत्या असतील तरच काळजी करायची. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात, तोवर त्यांना हात कमी लागलेलाच बरा.

आता दर महिन्याचं. हो, सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि व्याली की त्याच दिवशी परत गाभण राहू शकते, तिला माजावर यायची वाट बघावी लागत नाही, नराशी संग झाला की मग बीज सुटतं. पण होऊ शकतं म्हणून करायचं असं कुठे आहे? पैदास म्हणजे जोड्या लावत बसणं असं बाहेरून वाटतं, माझा सगळा वेळ त्यांना वेगळं ठेवण्यात जातो. माझ्याकडे तीन माद्या आणि एक नर आहे, नर पडवीच्या दुसऱ्या टोकाला. पिल्लं आठ आठवडे आईपाशी, मग नर-मादी पिल्लं वेगळी, मग आईला आराम आणि तिचं वजन परत भरलं की पुढचा विचार. वर्षाला दोनच वेळा, आणि तीन वर्षांची झाली की बंद, तिचं ऑपरेशन करून ती आमच्याकडेच राहते, कारण ऑपरेशन न केलेल्या मोठ्या वयाच्या माद्यांना गर्भाशयाचा कॅन्सर खूप होतो.

मुंबईच्या हवेबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, अगदी शंभर टक्के. सशाला १५ ते २५ डिग्री मानवते, तिशीच्या वर तो धापा टाकायला लागतो, त्याला घाम येत नाही, कानांतून आणि श्वासातून जेवढी उष्णता जाईल तेवढीच. म्हणून मी मार्च ते जून आणि ऑक्टोबरमध्ये मादी नराकडे सोडतच नाही, तसंही उन्हाळ्यात नराचं बीज खराब होतं आणि सुधारायला दीड-दोन महिने जातात. आमचं दहिसर गावठाणातलं बैठं घर आहे, बाल्कनीत नाहीत ससे, मागच्या पडवीत आहेत, दुपारी पत्र्यावर ओलं गोणपाट, पंखा, आणि प्रत्येक पिंजऱ्यात पाण्याची गोठवलेली बाटली, त्याला टेकून ते पसरतात. पावसाळा मला उन्हाळ्यापेक्षा जास्त भीतीचा वाटतो खरं तर. गवत दमट झालं की बुरशी, ओला चारा खाल्ला की पोट बिघडतं, कानात खरूज, आणि मुताचा वास साठला की श्वासाचे आजार, म्हणून ट्रे दोनदा धुते आणि चारा पंख्याखाली सुकवूनच देते. पिंजऱ्याला नुसती जाळी नाही, बसायला फळी आहे, नाहीतर तळपायांना जखमा होतात. आणि संध्याकाळी आळीपाळीने सगळे पडवीत मोकळे सुटतात. टॉप फ्लोअरच्या बंद बाल्कनीत, पश्चिमेच्या उन्हात, कोणी हे करत असेल तर तुमच्यासारखीच मी पण म्हणेन की करू नका.

कायद्याचं पण तुम्ही विचारलंय. आपल्या रानातला ससा वेगळा, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळता येत नाही. हे पाळीव ससे मूळ युरोपातले, ते पाळता येतात, पण विकायचे तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे नोंदणी लागते, ती मी केली आहे. पैसे घेते, हो, त्यातून चारा आणि डॉक्टर निघतो.

आता खरा मुद्दा. तुमच्या गार्डनमधले ससे आले कुठून? बाजारात सर्रास सांगतात, "एकटा ससा मरतो, जोडीच न्या", आणि पाच आठवड्यांची पिल्लं "दोन्ही माद्याच आहेत" म्हणून बर्थडे गिफ्टला देतात. एवढ्या लहान पिल्लात नर-मादी ओळखणं जाणत्यालाही अवघड असतं. पाचव्या-सहाव्या महिन्यात पिल्लं होतात, पुढच्या महिन्यात परत, मग घरचे वैतागतात आणि रात्री पिशवीतून गार्डनमध्ये, नाहीतर आरेत नेऊन सोडतात, तिथे पांढरा ससा कुत्र्यांपुढे एक रात्र टिकत नाही. सशाला सोबत लागते हे खरंच आहे, पण ती ऑपरेशन झालेल्याची. म्हणून मी नर-मादीची जोडी ऑपरेशनशिवाय कोणालाच देत नाही, लहान मुलाला गिफ्ट म्हणून तर नाहीच, उचलताना ससा जोरात लाथ मारतो आणि स्वतःचाच मणका मोडून घेतो, हे पालकांना माहीतच नसतं. आणि माझ्याकडून नेलेला ससा कधीही, कुठल्याही कारणाने नको झाला तर मी परत घेते, हे आधी लिहून देते.

तुमच्या बाथरूममधल्या दोघांना आजच वेगळं करा. शेपटीखाली हलकेच दाबून बघा, गोल नळीसारखं दिसलं तर नर, फट दिसली तर मादी, शंका असेल तर डॉक्टरला दाखवा. मादी असेल तर ती गाभण आहे असंच धरून चाला. वेगळं केल्याच्या दिवसापासून बत्तीस-तेहतीस दिवस थांबायचं, पण ती आधीच गाभण असेल तर कधीही विऊ शकते, म्हणून तिला आत वळता येईल एवढी लाकडी पेटी आणि भरपूर सुकं गवत आत्ताच ठेवा. नराचं ऑपरेशन करून घ्या, पण त्यानंतरही सहा आठवडे त्याला तिच्याजवळ सोडू नका, तेवढे दिवस तो पिल्लं देऊ शकतो. बाथरूमच्या ओल्या लादीवर पोती अंथरा. गाजरं नको, गवतच द्या, गवत संपलं असेल तर मला मेसेज करा, रविवारी मी कांदिवलीला येतेच आहे, एक गोणी घेऊन येते.