अमेरिकेने आउटसोर्सिंगवर २५ टक्के कर लावलेला नाही. पण विधेयकात काय आहे ते वाचायलाच हवं

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज साधारण असा: अमेरिकेच्या सिनेटने परदेशी पाठवलेल्या कामावर कर लावणारा ‘हायर ॲक्ट’ मंजूर केला, १ जानेवारी २०२६ पासून भारतीय आयटी कंपन्यांच्या कमाईतून २५ टक्के कापून घेतले जाणार, कॉल सेंटरं बंद होणार, अमेरिकेतून घरी पाठवलेल्या पैशांवर ५ टक्के कर, तेव्हा हिंजवडी-खराडीतला फ्लॅट वेळेत विकून मोकळे व्हा. यातल्या बहुतेक वाक्यांत एखादा खरा तुकडा आहे, म्हणून तो पटतो. लोक नोकरी आणि गृहकर्जाचे निर्णय अशा मेसेजवर घेतात, हे जास्त गंभीर आहे.

‘सिनेटने मंजूर केला.’

नाही. ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर बर्नी मोरेनो यांनी हे विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलं आणि ते सिनेटच्या वित्त समितीकडे गेलं. शंभरपैकी कोणीही सिनेटर विधेयक मांडू शकतो, आणि मांडलेली बहुतेक विधेयकं समितीतच पडून राहतात. पुढे जायचं तर समितीच्या अध्यक्षांनी ते विषयपत्रिकेवर घ्यायला हवं. मग कलमवार दुरुस्त्या होतात, समितीत मतदान होतं, आणि त्यानंतर विधेयक सभागृहात येतं. तिथे चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच ६० मतं लागतात. रिपब्लिकन सिनेटर आहेत ५३. त्यापुढे प्रतिनिधिगृहाची, म्हणजे दुसऱ्या सभागृहाची, मंजुरी आणि राष्ट्राध्यक्षांची सही. ३ जानेवारी २०२७ ला या काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मुदत संपते. तोवर हे सगळं झालं नाही तर विधेयक आपोआप बाद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं.

साठ मतांची अट नुसती कागदावरची नाही. परदेशी काम पाठवण्याविरुद्धची विधेयकं याच उंबरठ्यावर अडली आहेत: सप्टेंबर २०१० मध्ये ५३ विरुद्ध ४५, जुलै २०१२ मध्ये ५६ विरुद्ध ४२, जुलै २०१४ मध्ये ५४ विरुद्ध ४२. तिन्ही वेळा बाजूने बहुमत होतं, तरीही विधेयक पुढे सरकलं नाही.

कराच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातलं सातवं कलम सांगतं की महसूल उभारणारं विधेयक प्रतिनिधिगृहातच सुरू झालं पाहिजे. आपल्याकडे धनविधेयक लोकसभेतच मांडतात, तसंच. फरक इतकाच की राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, सिनेट मात्र विधेयकात दुरुस्ती करू शकतं. म्हणजे २५ टक्के कराचं विधेयक एकट्या सिनेटमधून, जसंच्या तसं, कायदा होऊच शकत नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये हे दिसलं होतं. सीमासुरक्षेच्या खर्चासाठी सिनेटने एच-१बी आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसांचं शुल्क वाढवणारं विधेयक मंजूर केलं; महसुलाचा मुद्दा निघाल्यावर प्रतिनिधिगृहाने १० ऑगस्टला त्याच आशयाचं स्वतःचं विधेयक केलं, आणि सुट्टीवर गेलेल्या सिनेटला १२ ऑगस्टला पुन्हा बसून तेच मंजूर करावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही झाली. अमेरिकेत पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी आणि त्यातले निम्म्याहून अधिक अशा व्हिसावर, अशा कंपन्यांना एच-१बीच्या अर्जामागे २,००० डॉलर जादा भरावे लागले. मुख्यतः भारतीय कंपन्यांनाच तो फटका होता.

म्हणून ‘असली विधेयकं नुसती नौटंकी असतात’ हे मेसेजला दिलं जाणारं उत्तरही चुकीचं आहे. शुल्क किंवा कर जेव्हा दुसऱ्या, अडवता न येणाऱ्या विधेयकाला जोडला जातो, तेव्हा तो पार होतो. आजचा तसा मार्ग म्हणजे बजेट रिकन्सिलिएशन: अर्थसंकल्पी ठरावातून सुरू होणाऱ्या या प्रक्रियेत सिनेटमध्ये साधं बहुमत पुरतं. जुलै २०२५ चा मोठा कर कायदा असाच ५१ विरुद्ध ५० ने, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या निर्णायक मतावर निघाला. मोरेनोंचं विधेयक स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता कमी. त्यातला एखादा तुकडा अशा गाडीत बसण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही.

‘भारतीय कंपन्यांच्या कमाईतून कापले जाणार.’

इथे मेसेज पूर्ण उलटा आहे, आणि खरा मजकूर मेसेजपेक्षा कडक आहे. कर भरायचा तो पैसे देणाऱ्या अमेरिकी कंपनीने. वर त्या पेमेंटची आयकरातली वजावटही जाते. शंभर डॉलरचं बिल घ्या. आज ते खर्च म्हणून दाखवल्यावर २१ टक्के दराने २१ डॉलर केंद्रीय कर वाचतो, म्हणजे खरा खर्च ७९. विधेयक लागू झालं तर २५ डॉलर एक्साइज, म्हणजे हा नवा कर, वर चढतो आणि २१ डॉलरची बचत जाते. शंभरामागे बोजा चाळीस डॉलरहून जास्त वाढतो. फक्त ‘२५ टक्के’ म्हणणाऱ्यांनी वजावटीचं कलम वाचलेलं नाही.

व्याख्याही रुंद आहे. अमेरिकी व्यक्ती वा कंपनीने परदेशी व्यक्तीला दिलेली फी, रॉयल्टी, सेवाशुल्क असं कोणतंही पेमेंट, ज्या कामाचा फायदा थेट किंवा आडवळणाने अमेरिकेतल्या ग्राहकांना होतो. त्यामुळे दोन लाडके दिलासे टिकत नाहीत. पहिला: ‘आम्ही व्हेंडर नाही, जीसीसी (परदेशी कंपनीचं भारतातलं स्वतःचं केंद्र) आहोत.’ अमेरिकी मुख्य कंपनीने पुण्यातल्या आपल्याच उपकंपनीला दिलेले पैसेही परदेशी व्यक्तीला दिलेलेच ठरतात. दुसरा: ‘आमचं बिल न्यू जर्सीच्या उपकंपनीतून जातं.’ समजा ग्राहक ओहायोतल्या कोलंबसची बँक आहे. तिने न्यू जर्सीला दिलेलं पेमेंट सुटेल, पण न्यू जर्सीने त्यातून हिंजवडीतल्या टीमसाठी पुण्याला पाठवलेला हिस्सा पकडला जाईल. ऑनसाइट, म्हणजे अमेरिकेत काम करणाऱ्या, माणसांना तिथेच दिलेला पगार यात येत नाही. फायदा अंशतः अमेरिकी ग्राहकांना होत असेल तर तेवढ्याच प्रमाणावर कर, त्यामुळे युरोपातल्या ग्राहकांसाठी चाललेलं काम वेगळं दाखवता येणं महत्त्वाचं ठरेल.

तारखेचा गोंधळही इथूनच आला. ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या पेमेंटना लागू, असं विधेयकाच्या मजकुरात लिहिलंय. ती तारीख कायदा झाला तरच अर्थपूर्ण होते.

‘कॉल सेंटरं बंद.’

हे वेगळंच विधेयक. ॲरिझोनाचे डेमोक्रॅट रुबेन गायेगो आणि वेस्ट व्हर्जिनियाचे रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी ते २०२५ च्या जुलैमध्ये मांडलं. त्यात बंदी नाही. कॉल सेंटर परदेशी हलवण्याआधी १२० दिवस कामगार खात्याला नोटीस, हलवणाऱ्यांची यादी, त्यांना केंद्रीय अनुदानाला मुकावं लागणं, एजंट कुठून बोलतोय ते सांगणं आणि ग्राहकाने मागितल्यास फोन अमेरिकेत जोडून देणं, अशा तरतुदी आहेत.

‘घरी पाठवलेल्या पैशांवर ५ टक्के.’

हा कर जुलै २०२५ च्या त्याच मोठ्या कर कायद्यातला. पाच टक्के सुरुवातीच्या मसुद्यात होते, प्रतिनिधिगृहाने ३.५ केले, सिनेटने १. कायद्यात १ टक्का राहिला, तोही रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने सांगली-साताऱ्याला पैसे पाठवणाऱ्यांना तो लागत नाही. मांडलेला आकडा आणि कायद्यातला आकडा यांत किती अंतर पडू शकतं, याचं याहून ताजं उदाहरण नाही. (एच-१बीच्या अर्जामागचं एक लाख डॉलरचं शुल्कही काही मेसेजांत सिनेटच्या नावावर खपवलेत. तो १९ सप्टेंबर २०२५ चा राष्ट्राध्यक्षांचा आदेश आहे, नव्या अर्जांसाठी.)

फ्लॅट विकायचा की नाही हे या विधेयकावरून ठरवू नका. व्यवसाय चालवत असाल तर मात्र आत्ताच मास्टर सर्व्हिसेस ॲग्रीमेंट (ग्राहकाशी केलेला मुख्य सेवा करार) काढून दोन कलमं बघा: नवा कर आला तर तो कोणी सोसायचा, आणि ग्राहकाला विनाकारण करार थांबवायला किती दिवसांची नोटीस पुरते. कर कायद्याने अमेरिकी कंपनीवर असला तरी नूतनीकरणाच्या वेळी ती तेवढी सूट मागणार, आणि तीस दिवसांची नोटीस असेल तर तुमच्या हातात फारसं काही राहत नाही.

पुढचा मेसेज आला की काँग्रेस डॉट गव्ह या सरकारी साइटवर विधेयकाच्या नावाने शोधा. ‘ट्रॅकर’ची पट्टी ‘इंट्रोड्यूस्ड’वर असेल तर ते फक्त मांडलेलं आहे. ‘ॲक्शन्स’मध्ये समितीकडे पाठवल्यानंतर काही नोंद झाली का ते पाहा. आणि करविषयक विधेयकाचा क्रमांक ‘एस’ने सुरू होत असेल, तर प्रतिनिधिगृहात ‘एचआर’ क्रमांकाचं जोडविधेयक आहे का, हे ‘रिलेटेड बिल्स’मध्ये तपासा.